काळी दोन, उणे तीन

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत आमच्या चर्चमध्ये वाद्य वाजत नाही. घंटासुद्धा गप्प असते. तिच्याऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात. कीबोर्डवर जांभळं कापड पडतं. एरवी आमच्याकडे साधेपणाची फारशी चलती नाही. महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, आले की कमानी उभ्या राहतात, कर्णे लागतात, आणि देवालाच स्वतःच्या कानांविषयी शंका यावी असा आवाज होतो. म्हणून हे दोन दिवस मला वर्षातले सगळ्यांत खरे वाटतात.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि तीसेक वर्षं या चर्चमध्ये गाणं उचलून दिलं, म्हणजे मी सुरू करायचं आणि बाकीच्यांनी मागून यायचं. माझी पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला माझा सा. हे मी कुणी न विचारता सांगत असे. शनिवारी अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाची, मेणबत्ती आत येते आणि तिच्यापुढे एकट्याने, वाद्याशिवाय, एक लांबलचक स्तवन गायचं असतं. तेही दरवर्षी मीच गातो.

शुक्रवारी सूर द्यायला कीबोर्ड नसतो, म्हणून मी सूर घरूनच घेऊन निघतो. यंदाही दुपारी घरच्या पेटीवर काळी दोन दाबली, सूर धरला आणि तो गुणगुणत स्कूटरवरून भाट्याचा पूल ओलांडला. कुणाशी बोललो असतो तर सूर सुटला असता. त्यामुळे बायको मागे बसून काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, आणि चर्चच्या आवारात दोघांनी हात जोडले तरी नुसती मान हलवली. त्यांनी माझ्या गांभीर्याचं पुढे कौतुक केलं, असं कळलं.

क्रूसाची उपासना सुरू झाली. लोक अनवाणी, रांगेने क्रूसाचं चुंबन घ्यायला पुढे येत होते. मी गाणं उचललं. पहिली ओळ गेली. दुसरी ओळ वर चढते. तिथे माझा आवाज फाटला आणि मग आलाच नाही. मागच्या बायका वरच्या सुराशी झटत राहिल्या, पुरुषांनी सोयीस्करपणे सोडून दिलं. क्षणभर फक्त फरशीवर पाय घासल्याचा आवाज होता. मग आमची कीबोर्ड वाजवणारी बाई, जी कधी गात नाही, तिने तेच गाणं बरंच खालून सुरू केलं. सगळे तिच्यामागे गेले. मीही गेलो.

ती सरकारी रुग्णालयात नर्स आहे. वाईट बातमी सांगायची तिला सवय असावी. उपासना संपल्यावर आवारात मी तिला उपवासाने घसा सुकल्याचं सांगू लागलो. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

“सर, घसा ठीक आहे तुमचा. तुम्ही वर लावलंत.”

“काळी दोन लावली. नेहमीची.”

“नेहमीची तीन घरं खाली असते.”

मग तिने सगळं सांगितलं. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर फिरतात आणि सूर मात्र उतरतो. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या गाण्यांत माझी ओढाताण तिच्या लक्षात आली, तेव्हा तिने एक घर उतरवलं. पुढच्या वर्षी दुसरं, मग तिसरं. वाद्याशिवायच्या या दोन दिवसांत गेल्या वर्षापर्यंत मी घरच्या सुरावर कसंबसं निभावून नेलं होतं. मी तिच्या बोटांकडे पाहून समाधानाने मान डोलवत होतो. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर कोपऱ्यात ‘उणे तीन’ दिसत होतं, पण माझा चष्मा गाण्याच्या पुस्तकापुरता आहे.

स्कूटरवरून घरी आलो. दारात बायको म्हणाली, “अहो, सगळ्यांनाच माहीत होतं. मला वाटलं, तुम्हालाही असेल, फक्त दाखवत नसाल.”

दुसऱ्यांचा थाटमाट मी आयुष्यभर बारकाईने पाहत आलो होतो. त्या संध्याकाळी पेटीचं झाकण मी उघडलं नाही.

शनिवारी सकाळी चर्चमध्ये गेलो ते, ‘स्तवन दुसऱ्या कुणाला द्या’ हे सांगायला. कीबोर्डवाली बाई वेदीवरची पांढरी वस्त्रं घडी घालत होती. मी म्हटलं, आज अंधारात बटण नाही, गाणंही खूप लांब आहे; कालचं पुन्हा झालं तर लोकांची पास्काची रात्र बिघडेल. तिने घडी पूर्ण केली.

“उणे तीनवर तुम्ही नीट गाता, सर. वर्षभर गाताय.”

“पण तो सूर मला माहीत नाही. घरी माझ्याकडे तो नाही.”

“माझ्याकडे आहे,” ती म्हणाली आणि पुढचं वस्त्र उचललं.

संध्याकाळी दिवे मालवले. दारातून मेणबत्ती आत आली, तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत गेली आणि ओळखीचे चेहरे एक-एक करून दिसू लागले. मी पुस्तकापुढे उभा राहिलो. झाकलेल्या कीबोर्डजवळून ती उठली, माझ्या खांद्यामागे आली आणि माझ्याच कानापुरतं गुणगुणली. सूर मला अपेक्षेपेक्षा खूपच खालचा वाटला. तोंडात काळी दोन अजून तयार होती.

मी थांबलो. तिने पुन्हा एकदा गुणगुणून दाखवलं, तितक्याच हळू. मग मी तिथूनच सुरुवात केली.