वरच्या मजल्यावरची पंच

आमच्या वरच्या मजल्यावरची ती मुलगी बोलताना तोंडापेक्षा हात जास्त वापरते. भाजीवाल्याने भाव सांगितला की तिचा तळहात आधी वर जातो, मग ती बोलते. फुटबॉलमध्ये नोकरी शोधतेय म्हणाली, तेव्हा मी विचारलं, "पण तू खेळतेस कुठे?"

"खेळायचं नाहीये काकू, मला पंच व्हायचंय."

गेल्या वर्षी गंगापूर रोडच्या मैदानावर आमच्या भागातल्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. पंच ती होती आणि एका संघात तिचा धाकटा भाऊ. शेवटी त्याने बरोबरीचा गोल केला आणि आम्ही सगळे नाचायला लागलो. तिने शिट्टी फुंकली. चेंडू त्याच्या हाताला लागलेला फक्त तिने पाहिला होता. गोल रद्द झाला.

"ताई, घरी ये तू!" तो ओरडला. तिने शांतपणे त्याला पिवळं कार्ड दाखवलं.

बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मग मुंबईच्या एका लीगमधून तिला पंचाच्या पगारी कामासाठी बोलावणं आलं. निघायच्या सकाळी मी दार उघडलं, तर तिची बॅग खांद्यावर टाकून भाऊच जिना उतरत होता.

"नाशिक रोड स्टेशनला सोडून येतो हिला," तो म्हणाला. "आता दुसऱ्यांचे भाऊ चिडू देत, काकू."