अण्णांच्या सावकाश नोंदी

आमचे अण्णा एंटर दाबला की हात मागे घेऊन पडद्याकडे बघत बसायचे. "घाईत केलेली नोंद वरीसभर छळती," म्हणायचे. सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते जमाखर्च बघायचे आणि शेजारच्या टेबलावर मी माल पाठवण्याचं. माणूस घामाघूम दिसला की मालकांना पगार वसूल झाल्यासारखा वाटायचा. दिवसभर पडद्यासमोरून न हलणारे अण्णा त्यांचे फार लाडके होते.

एके दुपारी बघतो तर अण्णा शेंगा सोलतायत आणि पडद्यावर नोंदी आपोआप पडतायत. एक पडली, मग बऱ्याच वेळानं दुसरी. पन्नाशी उलटल्यावर अण्णा मोबाइलवर बघून स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला आपोआप काम करायला लावणाऱ्या ओळी, लिहायला शिकले होते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार ओळींची एक फुकटची लायब्ररी त्यांनी तिला जोडली होती. बिलांची यादी दिली की नावे-जमा सगळं स्क्रिप्टच लिहायची. दिवसाचं काम दहा मिनिटांत. मग ती प्रत्येक नोंदीनंतर थांबते कशाला, मी विचारलं.

"म्याच थांबायला लावलंय. दहा मिनटात झालं तर मालक मला ठिवतील व्हय? रिटायर व्हायला दोन वर्सं राहिलीत की अजून."

उरलेल्या वेळात अण्णा कारखान्यातल्या सगळ्या कामगारांचे सरकारी अर्ज भरून द्यायचे. तुमच्याही हापिसात असा एखादा असेल. त्याला उघडा पाडू नका.

अण्णांना कुणी उघडं पाडलं नाही, ते आपणहून उघडे पडले. एके दिवशी कर्जासाठी बँकेचे साहेब चारला येणार आणि दुसऱ्या युनिटच्या तीन महिन्यांच्या नोंदी राहिलेल्या. कर्ज नाही तर सूत नाही, सूत नाही तर माग बंद. मालक डोकं धरून बसले. चार दिवस लागतील, असं अण्णा म्हणाले असते तर कुणी बोललं नसतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, स्क्रिप्टमधल्या थांबायच्या ओळी बंद केल्या आणि मालकांचा चहा संपायच्या आत काम पुरं केलं. संध्याकाळी ओळी पुन्हा चालू केल्या.

कर्ज मिळालं. मालकांनी टॉवेल-टोपी देऊन अण्णांचा सत्कार केला आणि विचारलं, "मग इतकी वर्षं तुमी करत काय होता?" महिनाअखेरीला नारळ दिला. मला संताप आला, पण मी मान खाली घालून माल पाठवण्याच्या पावत्या फाडत राहिलो. त्याची अजून लाज वाटते.

स्क्रिप्ट मात्र मालकांनी ठेवून घेतली आणि माझ्याकडे दिली. पहिल्याच दिवशी दीडला ती बंद पडली. नेमका तेव्हाच मालकांना एका व्यापाऱ्याच्या खात्याचा उतारा हवा होता. मी स्क्रिप्टची फाइल उघडली. आत अण्णांनी लिहिलं होतं: 'दीड ते सव्वादोन जेवण. मधी उठवू नये.'

ती ओळ खोडणं सोपं होतं. मी म्हणालो, "मला न्हाय येत मालक. अण्णांनाच यायचं."

मालक सव्वादोनपर्यंत अण्णांच्या खुर्चीमागं उभे राहिले.