पहिल्या पानावरचे हजार किलोमीटर

आप्पांनी सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. गार्ड म्हणून रिटायर झाले, पण हातातली वही काही सुटली नाही. दौंडात आम्ही वीस-बावीस जण रोज पहाटे पळतो. त्या सगळ्यांची वही आप्पा लिहितात, आणि गाडीची लिहावी तशीच लिहितात. कोण किती वाजता सुटलं, किती वाजता पोचलं, उशीर झाला तर का झाला. माझ्या नावापुढे एकदा त्यांनी लिहिलं होतं, "सुटली ५.४०, पोचली ६.२२. उशीर आठ मिनिटे. कारण, बोलत पळणे." मी चिडले, तर म्हणाले, "बाई, रेकॉर्ड म्हंजी रेकॉर्ड. त्यात खाडाखोड व्हनार न्हाई."

वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहायचा आणि डिसेंबर संपेपर्यंत तो पुरा करायचा, एवढाच आमचा नियम. पहिल्या पानावर पुरुष, त्यांचा आकडा हजार किलोमीटर. शेवटच्या पानावर आम्ही पाच बायका, आमचा पाचशे. हे कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. इतरांचं सोडा, पण गणिताच्या बाईने विनाकारण निम्म्यावर समाधान मानायचं, हे मला काही पटेना. गेल्या जानेवारीत मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आप्पा, मला पहिल्या पानावर घ्या. हजार करते. नाही झाले, तर मुकाट मागच्या पानावर जाईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

पुरुषमंडळी हसली. आप्पा हसले नाहीत, त्यांनी सरळ माझं नाव पहिल्या पानाच्या तळाला लिहिलं. आता मी बोलून बसले होते, तेव्हा पळणं भाग होतं.

आमचा रस्ता म्हणजे मेन लाइनपासून फुटलेल्या, गाड्या बंद झालेल्या एका जुन्या सायडिंगच्या कडेची पायवाट. आमच्यातच एक गँगमन आहे, दहा वर्षं रुळांची देखभाल करणारा. मेन लाइनला एका किलोमीटरमध्ये रुळांखालचे आडवे सोळाशे साठ स्लीपर बसतात, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे त्याला टेप वगैरे लागला नाही. त्याने सायडिंगचे सोळाशे साठ स्लीपर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याने रंगवलेले दगड पुरले. दगड ते दगड एक किलोमीटर. दोन-तीन जणांनी मधे कधीतरी सांगून पाहिलं की मोबाइल जास्त दाखवतोय. आप्पांनी त्यांना झाडलं, "मोबाइलला काय कळतंय? रुळावरचा मानूस हाय त्यो, त्यानं मोजलंय."

ऑगस्टपर्यंत मी जोरात होते. सप्टेंबरात चिकनगुनिया झाला. ताप चार दिवसांत गेला, पण गुडघ्यांनी असा दावा धरला की वर्गात खडू पडला तर मुलांना उचलायला सांगावं लागे. पाच आठवडे वहीत माझ्या नावापुढे नुसत्या रेघा. परत आले ती लंगडतच. डिसेंबर संपायला अकरा दिवस उरले तेव्हा माझे झाले होते नऊशे एक्केचाळीस. एकोणसाठ बाकी. रोज साडेपाच किलोमीटर हवे होते आणि मला तीन पळताना डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. गणित मला येतं, तेच वाईट. मागच्या पानावर जायची मी मनातल्या मनात तयारी करून टाकली. घरी कुणाला सांगितलं नाही, पण स्वयंपाक करताना दोनदा रडले.

त्या आठवड्यात आप्पांचे जावई शिरूरहून आले. तिकडे एका कारखान्यात मापं तपासायचं काम करतात. एके सकाळी तेही आमच्याबरोबर पळाले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "मामा, तुमचा किलोमीटर मोठा हाय."

आप्पांना झोंबलं. पण जावईच तो, त्याला झाडता येईना. त्यांनी गँगमनकडे पाहिलं. खाली बसून त्याने दोन स्लीपरमधलं अंतर वितीने मोजलं, पुढचं मोजलं, आणि कपाळावर हात मारला. "आयला! मेन लाइनचा हिशेब हितं लावला की मी! सायडिंगचे स्लीपर लांब लांब असत्यात!"

एकदम गलका झाला. म्हणजे वर्षभर आम्ही प्रत्येक किलोमीटरला जास्तच पळत होतो! लोक आपापले आकडे वाढवायला लागले. कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमचे तर कवाच झाले!"

मला आनंद व्हायला हवा होता, पण मी भडकले. मला वाटलं, माझं लंगडणं बघून या सगळ्यांनी संगनमत केलंय. दहावीच्या पोरांना ग्रेस मार्क देऊन पास करतात तसं. मी म्हटलं, "मला ग्रेसचे किलोमीटर नकोत. टेप आणा. मी स्वतः मोजणार."

गँगमन तीस मीटरचा टेप घेऊन आला. एक टोक त्याने धरलं, दुसरं मी. पायवाटेवरून उठत-बसत, गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत मी एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत गेले. छत्तीस वेळा टेप लावला. शेवटच्या खेपेला दोन मीटर टेप उरला. एक हजार अठ्ठ्याहत्तर मीटर. विश्वास बसेना म्हणून उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. तेवढेच.

तिथेच मातीत बोटाने नुसत्या त्या नऊशे एक्केचाळीसचा गुणाकार केला. एक हजार चौदा किलोमीटर आणि वर काही मीटर. सगळे माझ्याच पायांचे, एकही कुणी दिलेला नाही. हजार कधी पार झाले ते मला कळलंही नव्हतं. मी खाली बसले आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. इतका आनंद मला नोकरीची ऑर्डर हातात आली तेव्हाही झाला नव्हता.

आप्पांनी वही उघडून माझ्यापुढे धरली, खिशातलं पेन काढलं. "तुमचं तुमीच लिवा, बाई." मी आकडा लिहिला. अक्षर असं आलं की माझ्या वर्गात त्याला मी मार्क कापले असते.

वही परत देते, तोच पाठीमागून आमच्यातली भाजीवाली मावशी पुढे आली. नऊवारीचा काष्टा घालून, कॅनव्हासचे बूट चढवून पळते ती. वर्षभर मागच्या पानाबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. म्हणाली, "आप्पा, नव्या सालाला मलाबी फुडं घ्या. हजार लिवा." तिच्यामागे बाकीच्या तिघी उभ्या होत्या.

पुरुषांपैकी कुणी हसलं नाही. आप्पांनी नव्या वर्षाची कोरी वही काढली, मांडीवर पट्टी धरली आणि विचारलं, "पैलं नाव कुनाचं?"

"बाईंचं," मावशी म्हणाली.