ट्राम कोणत्या गाड्यांत मोडते

माझ्या चुलत्याला मी कधी माफ केलं नाही. तो जाऊन इतकी वर्षं झाली, तरी करणार नाही. आळेफाट्याच्या एका गॅरेजात तो ट्रकची चाकं खोलायचा. तेवढ्यावर जगातल्या सगळ्या गाड्या आपल्याला कळतात, असा त्याचा तोरा. आणि गाव त्याला मानायचं! घोडेगावच्या अंगाला आमचं गाव. पन्नास साल उलटून गेलं तरी दिवसातून एकच मोटार यायची, विजेचा दिवा कुणाच्या घरी नव्हता आणि रेल्वे तर अख्ख्या तालुक्यात नव्हती.

माझं लग्न वारूळवाडीच्या मुलाशी ठरत होतं. मुलगा मुंबईत नोकरीला. मध्यस्थानं सांगितलं होतं की तो विजेची, रुळांवरची गाडी चालवतो. झालं, वडिलांनी गावभर करून टाकलं की जावई रेल्वेत आहे. मला बघायला आले तेव्हा बाकीचे नाव-गाव विचारत बसले होते आणि गरम कपानं माझी बोटं भाजत होती. त्यानं एकट्यानं ते पाहिलं आणि चटकन कप घेतला. मला तोच हवा होता. सांगायला लाज कसली?

सुपारी फोडायच्या दिवशी दोन्हीकडची माणसं ओसरीवर बसली. मी आईशेजारी दाराच्या आत उभी होते. पान जमवता जमवता चुलत्यानं काडी टाकली.

“पावणं, तुमच्या रेल्वेला टेशनं किती?”

“रेल्वे न्हाई, ट्राम हाये,” मुलगा म्हणाला. “टेशनं नसत्यात. रस्त्यातच मान्सं चढत्यात, उतरत्यात.”

“मंग रुळावर चालती म्हनं?”

“चालती की. रूळ रस्त्यातच बसवल्यात. वर तार हाये, तिच्यातनं वीज येती.”

“आन म्हैस आडवी आली तर?”

“थांबावं लागतं.”

चुलत्याला तेवढंच पाहिजे होतं. मेला बोटांवर मोजायला लागला. “रुळावर पळती ती रेल्वे. तिच्यासाठी फाटक लावून मान्सं थांबत्यात. तेल पिऊन रस्त्यावर पळती ती मोटार. जनावर वढतं ती बैलगाडी. तुमची ही कशात बसवायची? रेल्वे म्हनावं तर म्हशीसाठी थांबती. मोटार म्हनावं तर म्हशीला वळसा घालता येत न्हाई. आसल्या गाडीवर आमी लेक द्यायची व्हय?”

वडिलांचा चेहरा उतरला. गावाला काय तोंड दाखवू, एवढीच त्यांना चिंता. ते मुलाकडे सरकून म्हणाले, “राव, रेल्वेच म्हना की. हितनं कोन बघाय जातंय?”

“जे न्हाई ते कसं म्हनू?” मुलगा म्हणाला. “मुलीला इचारा. तिला चालत नसंल तर आमी उठतो.”

मला त्याचा असा राग आला! एक शब्द खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? आणि त्याच दमात तो आणखी आवडला.

आमच्यात मुलीला लग्नाचं विचारलं की ती बोलत नाही. मान खाली घालून गप्प राहिली की तो होकार. तोंड उघडलं तर आगाऊ ठरते. त्याला हे ठाऊक होतं, म्हणून तर तो बिनघोर होता. आई मला दंडाला धरून उंबऱ्यापर्यंत घेऊन आली. वडील विचारणार, तोच चुलता मध्ये तडमडला.

“हा ट्रामवाला तुला नको, आसंच ना पोरी?”

मी मान खाली घातली आणि गप्प राहिले. मला शिकवलेला होकार तेवढाच होता.

“घ्या, पोरीनंच सांगितलं,” चुलता म्हणाला.

मुलानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग उठला, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून गेला. मागोमाग त्याची माणसं गेली. आईनं माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. तोंड मात्र कुणी धरलं नव्हतं.