फवारणीच्या नोंदी भिंतीवर सापडल्या

मंडळी, आज आमच्या वणीच्या द्राक्ष गटाची लाज सभासद सुमनताईंनी राखली!

गटाच्या फवारणीच्या सगळ्या नोंदी मी इंटरनेटवर एका फुकट साइटवर ठेवल्या होत्या. आज निर्यातीच्या तपासणीला साहेब आले आणि साइटच बंद! दुसरी प्रत नाही.

सुमनताईंनी घरून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. तारखेच्या चौकटीत औषधाचं नाव, खाली 'गॅस आला'. पाठोपाठ घरोघरची कॅलेंडरं आली. साहेबांनी ती मान्य केली. गटाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

"पण मी कॅलेंडरवर लिहिणं बंद करायला सांगितलं होतं ना?" मी सुमनताईंना विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटू नाय म्हणून हो म्हटलं, भाऊ."

तुमच्या संस्थेची साइट उद्या उघडली नाही, तर नोंदी कुणाच्या भिंतीवर आहेत?