बर्फ पडेपर्यंत मत नाही

व्हर्ना एकोणीस वर्षं वस्तीच्या वाचनालयात कामाला होती आणि त्यातली निदान पंधरा वर्षं दमलेलीच होती. कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या उत्तर काठावर ओजिब्वे आदिवासींची ही वस्ती. वाचनालय म्हणजे दवाखान्यामागची एक खोली, गळकं छप्पर, आणि दर गुरुवारी दुपारी पुस्तकांपेक्षा सूपसाठी जमणारी पाच-सहा म्हातारी माणसं. सूप अर्थात व्हर्नाच करायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकदा केलं आणि गळ्यात पडलं.

जूनमध्ये टोरांटोहून खोकं आलं. आत तिच्या भाचीच्या, डॅनिकाच्या, कादंबरीच्या बारा प्रती होत्या. सरोवराच्या तळाशी तांब्याची शिंगं असलेला ड्रॅगन राहतो, आणि बुडालेल्या बापाला परत मागायला एक मुलगी त्याच्याकडे उतरते, अशी ती गोष्ट. सोबत प्रकाशकांचे छापील कागद होते: आपल्या लोकांचं मत कळवा, ऑगस्टअखेर.

आता ऑगस्टमध्ये त्याच्याबद्दल बोलणार कोण? तो शिंगांचा उन्हाळाभर जागा असतो, नाव काढलं की ऐकतो. त्याच्या गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगायच्या. अगदीच अडलं, तर नुसतं ‘खालचा’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. सगळ्यांनी पुस्तक वाचलं आणि कागद कोरे परत केले. फक्त लेवाय, जो जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त करत आला, त्याने लिहिलं, ‘पान ११२. इंजिन असं चालू होत नाही. बाकी बर्फ पडल्यावर.’

तिकडे इंटरनेटवर अनोळखी लोकांना बर्फाची अडचण नव्हती. एकाला त्या ड्रॅगनमध्ये आदिवासींचं सगळं दुःख दिसलं होतं. एकीला ड्रॅगन फारच सुस्त वाटला होता. व्हर्ना ते वाचत बसायची आणि चहा निवून जायचा.

डॅनिका दर रविवारी फोन करायची. “आत्या, काय म्हणतायत आपले लोक?”

“बर्फ पडलं नाही अजून.”

“पण तुला काय वाटलं?”

“मलाही बर्फच लागतं, बाई.”

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. व्हर्नाला मनातून भीती होती. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या भावाचा, अर्विनचा, संसार मोडला आणि त्याची बायको आठ वर्षांच्या डॅनिकाला घेऊन शहरात निघाली. पोरगी बापासाठी रडून रडून ओकायला लागली, तेव्हा तिला गप्प करायला व्हर्नाने ती गोष्ट सांगितली होती. भर जुलैत, धक्क्यावर, पाण्यात पाय सोडून. वर शेवटही बदलला होता. खऱ्या गोष्टीत बाप परत येत नाही. व्हर्नाने आणला. सप्टेंबरात अर्विन बुडाला. तेव्हापासून तिने कुणालाही, कुठल्याही हिवाळ्यात, एकही गोष्ट सांगितली नव्हती. आणि आता तिचा तो खोटा शेवट पुस्तकात छापून बारा घरांत जाऊन आला होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळपासून बर्फ पडलं. दुपारी सगळी हजर. वाडगे भरायच्या आधीच तोंडं सुटली.

“पुस्तकात एवढी शहाणी माणसं आणली कुठून डॅनिकाने?” लेवाय म्हणाला. “जो तो उपदेश करतोय. आपल्याकडे सरळ रस्ता विचारला तरी कुणी सांगत नाही.”

“तुला विचारतंच कोण?” फिलोमीन आजी म्हणाली. वय चौऱ्याऐंशी, आणि वस्तीत तिच्या शब्दापुढे कुणाचं चालायचं नाही. “ड्रॅगन चांगला आहे. चिडका आहे. तसाच पाहिजे. पण शेवट चुकलाय. तो कुणाला परत देत नाही. पोरीला हे सांगितलं कुणी?”

व्हर्नाच्या हातात पळी होती. ती तिने भांड्यात ठेवली.

“मी.”

“कधी? शहरात गेल्यापासून ती पोर तर एकाही हिवाळ्यात इथं आली नाही.”

“जुलैत. अर्विन गेला त्या साली.”

लेवाय वाडग्यात बघत राहिला.

“म्हणून तू गोष्टी सांगायच्या सोडल्यास?” आजीने विचारलं.

“हो.”

“अगं, पश्चिमेचा वारा सुटला असताना तो जाळी काढायला गेला. मी काठावरून घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. त्याने हात हलवला आणि गेला. लहानपणापासून कुणाचं ऐकलं होतं त्याने?” आजीला दम लागला. “जुलैत सांगितलीस ते चुकलंच. मी बरोबर म्हणणार नाही. पण अर्विनला त्याच्या हट्टाने नेलं. आणि शेवट तू बिघडवलास, तो तूच नीट कर. आज बर्फ आहे. ते सूप वाढ आधी.”

सगळे गेल्यावर व्हर्नाने भांडी तशीच ठेवली आणि डॅनिकाला फोन लावला.

“बर्फ पडलं,” ती म्हणाली. “ड्रॅगन आवडला. शेवट चुकलाय म्हणतात.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“कॉलेजात असताना खरी गोष्ट कळली, आत्या. पण तोवर…” डॅनिका थांबली. “पप्पा गेले ना, तेव्हा मी रडलेच नाही. आईला वाटलं, मला कळलं नाही. तू सांगितलं होतंस ना, तो परत देतो. दोन वर्षं मी वाट बघितली. बाथटबमध्ये पाणी सोडून बसायचे आणि त्याला सांगायचे, आता दे.”

व्हर्ना खिडकीपाशी मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसली. इतकी वर्षं ती भलत्याच गोष्टीला भीत आली होती.

“मला माफ कर गं,” ती म्हणाली.

“पुस्तकात तरी येऊ दे म्हटलं त्यांना. एकदा.”

बाहेर दवाखान्याच्या पायऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. व्हर्नाने डोळे पुसले.

“वेळ आहे तुला?”

“आहे.”

मग सव्वीस वर्षांनी तिने ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मुलगी पाण्यात उतरली, त्याच्याशी भांडली, आणि एकटीच वर आली. डॅनिका फोनवर रडत होती, पण व्हर्ना या वेळी थांबली नाही.