कमरेएवढा समुद्र

ऑफिसात सगळे त्यांना थांबासाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करतात हे लक्षात आल्यावर तोंडावरही म्हणू लागले. काम लिफ्ट तपासण्याचं. नव्या इमारतीत लिफ्ट बसली की बिल्डर, ठेकेदार आणि मेकॅनिक नव्या जावयासारखे चेहरे करून उभे राहत, मेकॅनिक बटणाकडे बोट नेई, आणि साहेब म्हणत, "थांबा." मग गुडघ्यावर बसून ते खालच्या खड्ड्यात टॉर्च मारत. वर जायला निघालेला माणूस आधी खाली बघतो, हे पाहून बिल्डरचा चेहरा हळूहळू उतरत जाई.

लिफ्ट कशी कशी पडू शकेल याचा विचार करण्याचा त्यांना पगार होता. पण असा विचार ऑफिस सुटलं म्हणून सुटत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये लोक नवरीकडे बघत, हे झुंबराच्या हुकाकडे. हॉटेलात वेटर पाणी आणायच्या आत यांनी मागचं दार कुठे उघडतं ते पाहून ठेवलेलं असे.

अशा माणसाच्या पोटी समुद्राच्या तळाशी जाऊन बसणारी मुलगी यावी, याला काय म्हणावं? बँकेतली खुर्ची सोडून ती एका लांबच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथे लोकांना पाण्याखाली कसं जायचं ते शिकवू लागली. साहेबांनी त्या दिवशी एकच वाक्य उच्चारलं होतं, "लोक बुडू नये म्हणून पोहायला शिकतात, तू बुडायला शिकव." सगळे हसले. मुलगी हसली नाही. तेव्हापासून ती फोन आईला करी. बाबांच्या वाट्याला "जेवलात का?" आणि "बरं आहे" एवढंच येई. ठेकेदाराला प्रश्न विचारून घाम फोडणाऱ्या या माणसाने मुलीला तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. उत्तराचीच धास्ती होती.

या वर्षी तिने आईच्या हाती निरोप धाडला. आईला, मामाला आणि बाबांना ती स्वतः पाण्याखाली नेणार. कुठे जायचं ते बाबांनी ठरवावं. गरम हवेचा, उबदार पाण्याचा, उथळ, नवशिक्यांना झेपेल असा कुठलाही किनारा चालेल. अट एकच, जागा निवडली की यायचं.

"आणि नाही निवडली तर?" साहेबांनी बायकोला विचारलं.

"तर ती पुन्हा विचारणार नाही," बाई म्हणाल्या. बाई शाळेत गणित शिकवत आणि उत्तर दिलं की पायऱ्या समजावत बसत नसत.

साहेबांना ते समजलं होतंच. म्हणून तर त्यांनी त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला.

शोध सुरू झाला. बैठकीच्या खोलीत साहेब कॉम्प्युटरसमोर, मागे सोफ्यावर मेव्हणा. मेव्हण्याचं स्टेशनरीचं दुकान होतं. आयुष्यात होडीत पाय ठेवलेला नसताना लहानपणी घातलेल्या एका टोपीमुळे सगळं घर त्याला कॅप्टन म्हणे, आणि हल्ली त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत चालला होता.

पहिलं बेट सुंदर होतं. पण दवाखाना पलीकडच्या बेटावर, आणि तिकडे जाणारी बोट संध्याकाळी बंद. बाद. दुसऱ्या ठिकाणी पाणी काचेसारखं, पण प्रवाह "सौम्य" लिहिलेला.

"सौम्य म्हणजे किती?" साहेब म्हणाले. "उद्या मी रिपोर्टात लिहिलं, लिफ्ट सौम्यपणे पडते, तर बसाल तुम्ही?"

तिसऱ्या ठिकाणी कासवं होती.

"कासव चावत नाही हो," स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या. मुलीने पाठवलेला पाणबुड्यांचा चष्मा लावून त्या कांदा चिरत होत्या. डोळ्यांत पाणी येत नाही, हा शोध त्यांना भलताच आवडला होता.

"चावत नसेल. धडकत तर असेल?"

"भाऊजी, पाण्याला घाबरायचं नसतं," कॅप्टन म्हणाला. "घाबरट माणूस पाण्याला बरोबर कळतो."

"मग मला तर ते विमानतळावरूनच ओळखेल."

चौथ्या ठिकाणच्या फोटोंत सगळे खदाखदा हसत होते. साहेबांना तेच खटकलं. तोंडात नळी असताना माणूस इतका हसू शकत नाही, म्हणजे फोटो पाण्याबाहेर काढलेले. जे पाण्याबाहेरचे फोटो दाखवतात, ते पाण्यातलं काय लपवतात? बाद.

असं होता होता आठवडे गेले. मुलगी आईला विचारी, "ठरलं का?" आई म्हणे, "बघताहेत." दर वेळी आईचं हे "बघताहेत" थोडं आणखी हळू होई. साहेब ते दुसऱ्या खोलीतून ऐकत आणि जोराजोरात माऊस फिरवत.

"तुम्हाला खरं काय हवंय ते सांगू?" शेवटी बाई म्हणाल्या. "पाणी नसलेला समुद्र."

हे त्यांनी चिडून म्हटलं, पण साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी नसलेला समुद्र मिळणं कठीण. कमी पाण्याचा मिळू शकतो. ते नेटाने शोधत राहिले आणि त्यांना तो सापडला. प्रवाळाचं लांबच लांब पठार, किनाऱ्यापासून पार आतपर्यंत कमरेएवढं पाणी. काही बिनसलं तर काय करायचं? उठून उभं राहायचं. डोकं बाहेर, हवा फुकट. साहेबांना आपण इतके दिवस मूर्खासारखे दवाखाने आणि कासवं का बघत होतो असं झालं. पाणी खोल नसेल तर बुडणार कशात?

रविवारी सकाळी मुलीला व्हिडिओ कॉल लागला. साहेबांनी जागेचं नाव सांगितलं, वर "कमरेएवढं" हा शब्द तीनदा घातला. मुलीने बाजूच्या फोनवर जागा पाहिली. थोडा वेळ पाहिली.

"चालेल, बाबा," ती म्हणाली.

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. कॅप्टन टाळी द्यायला पुढे झाला. पण साहेबांचा हात वर आलाच नाही. इतक्या वर्षांत एक गोष्ट त्यांच्या हाडात भिनली होती. ठेकेदार "उत्तम आहे" म्हणाला तर निम्मं खरं असतं, "बघून घ्या" म्हणाला तर बहुतेक खरं असतं, पण नजर खाली घालून "चालेल" म्हणाला की सगळी झाकणं उघडायला लावायची.

"थांब," ते म्हणाले. "चालेल म्हणजे काय? काय वाईट आहे तिथे?"

"काही नाही."

"वर बघून सांग."

मुलीने वर पाहिलं. मग तिने ओठ चावला आणि बोलू लागली. इतक्या कमी पाण्यात तरंगताच येत नाही. लाट येते, उचलते आणि खाली आपटते, आणि खाली वाळू नाही, प्रवाळ. ते सुरीसारखं कापतं. घाबरून उभं राहावं तर पायाखाली काटेरी गोळ्यांसारखे समुद्री प्राणी, आणि आपल्या वजनाने प्रवाळ मोडतं ते वेगळंच. ओहोटी लागली तर माणूस दगडांवर पालथा. "नवशिक्यांचे गुडघे मी तिथेच सगळ्यात जास्त सोललेले पाहिलेत," ती म्हणाली. "फार उथळ पाणी वाईट असतं, बाबा."

"आणि तरी तू चालेल म्हणालीस?"

"दुसरी जागा सुचवली असती तर तुम्ही आला नसता."

बाई स्वयंपाकघराकडे वळल्या. कॅप्टन सोफ्याची शिवण बघू लागला.

"म्हणजे मी यावं म्हणून तू खराब जागा पास केलीस," साहेब म्हणाले. आवाज चढला होता. "असं करायचं नाही. कोणासाठीही नाही. बाप असला तरी त्याला तोंडावर सांगायचं, ही जागा नापास."

"नापास," मुलगी म्हणाली.

"शाबास." हे त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि तेच गोंधळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्याकडे एखादा अगदी भित्रा माणूस आला, समज माझ्याएवढा, तर त्याला तू कुठे नेतेस?"

"किती भित्रा?"

"बादलीत तोंड घातलं तरी श्वास अडकतो, एवढा."

बाई दारातच थबकल्या. बाथरूममधली बादली हल्ली कोरडी का नसते, याचा त्यांना आत्ता उलगडा झाला.

मुलगी मात्र हसली नाही. "घ्यायला अडकतो की सोडायला?"

"ते कसं कळणार?"

"सोडायला. सगळ्यांचं तसंच होतं. घाबरला की माणूस श्वास सोडायचा विसरतो." आणि मग तिने जागा सांगितली. एक छोटी खाडी, दोन्ही बाजूंनी खडक, त्यामुळे लाट आत येत नाही. तळाला नुसती वाळू. होडीतून उडी मारायची नाही, किनाऱ्यावरून चालत आत जायचं. आधी गुडघाभर पाण्यात बसून श्वास घ्यायचा, मग छातीभर, मग डोकं आत. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पुढे. शेवटी फार फार तर आपल्या घरातल्या दीड खोलीच्या उंचीएवढं पाणी डोक्यावर, आणि एका वेळी एकच नवशिका.

"दीड खोली," साहेब म्हणाले आणि त्यांनी छताकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. कॅप्टननेही पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

"एका वेळी एकच ना? मग आधी आईला ने," साहेब म्हणाले. "मी काठावरून बघतो."

"म्हणजे नव्या लिफ्टमध्ये आधी वाळूची पोती घालून बघता, तशी मी," बाई म्हणाल्या. "पोतं शाबूत वर आलं की साहेब बसणार."

मुलगी हसली. साहेबांनी ते हसू कितीतरी दिवसांत समोरून पाहिलं नव्हतं.

"आधी मी," ते म्हणाले. "तिकिटं काढ. आत्ता काढ, माझ्यासमोर, दुपारपर्यंत माझं काही खरं नाही."

मुलीने ती काढली. कॅप्टनला अचानक दुकानाच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवेना आणि तो निघून गेला. बाई चहा ठेवायला गेल्या. कॉल संपायला हरकत नव्हती, पण कोणीच बटण दाबलं नाही.

"एक विचारू?" साहेब म्हणाले. "तुला कधी भीती वाटते का?"

"वाटते. पाण्यात शिरायच्या आधी, रोज."

"मग काय करतेस?"

"सगळं पुन्हा एकदा तपासते."

साहेबांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"काय काय तपासतेस ते सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. काही गाळू नकोस."